टोपलीला बूड

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळपासून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. तिकडून भावजय, इकडून मी, मध्ये ढीग. नागपूरच्या ऑफिसातून मी रजा घेऊन माहेरी आले होते ती भाचीसाठी. पण केळझरच्या अलीकडच्या आमच्या गावात रजेवर आलेल्या बाईला रिकामं बसू देत नाहीत.

भाची एकोणीस वर्षांची. रविवारी नागपुरात तिची बास्केटबॉलच्या एका मोठ्या संघासाठी निवड चाचणी होती. निवड झाली तर होस्टेल, रोजचा सराव आणि पुढेमागे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. नाही झाली तर खेळ संपला, असं माझ्या भावानं आधीच सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या चाचणीत ती पळण्यात आणि पास देण्यात पुढे होती, पण फ्री थ्रोमध्ये गेली. फ्री थ्रो म्हणजे कोणी आडवं येत नसताना रेषेवर एकटीनं उभं राहून चेंडू रिंगमध्ये टाकायचा. दिसायला सोपं. भाचीचा सराव आमच्या गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेल्या सायकलच्या रिमवर. भिंत आठ फुटी आणि खरी रिंग दहा फुटांवर. त्यामुळे गोठ्यात ती चुकत नाही आणि नागपुरात तिचा चेंडू रिंगच्या पुढच्या काठावर आपटून परत येतो.

अशात गावात ग्रामपंचायतीनं बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान बांधल्याचं कळलं. चाचणीपर्यंत खऱ्या उंचीवर तिचा हात बसवता येईल, या हिशेबानं मी रजा टाकली.

हे मैदान माझ्या सन्मानार्थ आहे, असं सरपंच सांगतात. मी व्यावसायिक खेळाडू होते, हे गावाला मी खेळणं सोडल्यावर पटलं. मी खेळत होते तेव्हा प्रत्येक सणाला कोणी ना कोणी विचारायचं, "खेळतेस ते ठीक हाय, पन काम काय करतेस?" खेळात मी आले ती उंचीमुळे. शाळेत पंख्याची पाती पुसायला मला टेबल लागत नसे, एवढंच पाहून सरांनी मला संघात घेतलं. लग्नाच्या वयात हीच उंची अडचण झाली. पाहुणे यायच्या आधीच मला सतरंजीवर बसवून ठेवायचे आणि ते जाईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. शेवटी लग्न झालं ते मला मैदानावर उभी पाहिलेल्या माणसाशी. त्याची फसवणूक करायची सोयच नव्हती.

नोकरी खेळाडूंच्या कोट्यातून लागली. आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत व्यावसायिक खेळाडू म्हणजे दुपारी सरावाला जाऊ देतात असा क्लार्क. ऑफिसात माझ्याकडे अधिकृत काम एकच होतं, सगळ्यात वरच्या रॅकमधल्या फायली काढणं. मी राष्ट्रीय स्पर्धेतून पदक घेऊन आले, त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि म्हणाले, बरं झालं आलात, चार दिवसांपासून फायली अडून पडल्या आहेत.

निव्वळ पगारी खेळाडू म्हणून मी एकच हंगाम खेळले. एक खासगी लीग निघाली होती. आमच्या संघाचा मालक लोखंडी सळ्यांचा व्यापारी. पहिल्या सामन्याला तो पुढच्या खुर्चीत बसला आणि मध्यंतरात त्यानं मला विचारलं, "गोल किती झाले?" जर्सीवर वाघ होता, मैदानात शिरताना धूर सोडायचे आणि त्या धुरात आमची सेंटरला खेळणारी पोरगी रोज खोकायची. पुढच्या वर्षी मालकानं कबड्डीचा संघ घेतला आणि आमची लीग कोणी बंद न करताच बंद झाली. ती जर्सी भाऊ वांग्यांवर फवारणी करताना घालतो. कापड चांगलं होतं.

तर त्या दिवशी मिरच्या अर्ध्यावर आल्या असताना सरपंचांचा निरोप आला, की मैदानाचं टेस्टिंग करून द्या. मी हात धुतले, भाचीला आणि चेंडूला घेतलं आणि निघाले.

मैदान खरंच बरं होतं. सिमेंट सपाट, रेषा सरळ, खांब दोन्हीकडे. अर्ध्या भागावर कोणाची तरी तूर वाळत होती. खांबांना लाल रिबीन गुंडाळली होती. वर पाहिलं तर रिंगच्या खाली लोखंडी जाळीची गोल टोपली लटकत होती आणि तिला बूड होतं. त्याच जाळीचं, पक्कं वेल्डिंग केलेलं.

सरपंच म्हणाले, टाका म्याडम. मी टाकला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी उडी मारत नाही, पण हात शाबूत आहे. चेंडू आत गेला आणि आतच बसला. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एका माणसानं बांबू आणला आणि चेंडूला खालून ढोसायला लागला. चेंडू टोपलीत उसळायचा आणि पुन्हा बसायचा. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, तेव्हा आणखी टाळ्या पडल्या. त्या जास्त मनापासूनच्या होत्या.

ही टोपली ज्यानं केली तो वेल्डर तिथंच उभा होता. सेलूला त्याचं दुकान आहे, खिडक्यांच्या जाळ्या करतो. मी त्याला विचारलं, हे बूड नकाशात होतं का. तो खूश होऊन म्हणाला, "नाई ना. कागदावर बूड दाखवलंच नव्हतं. म्या म्हनलं, सायबाच्या हातून सुटलं असन. म्हनून आपल्याकडून टाकून देल्लं."

ते सुटलं नव्हतं, चेंडू खालून पडायलाच पाहिजे, असं मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"बाई, खालून पडाचाच असन, तं वरून टाकाचा कायले?"

मी पंचवीस वर्षं हेच करत आले होते आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. हा माणूस आयुष्यभर वांग्यांच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या, मिरच्यांच्या टोपल्या पाहत आलेला. त्याच्या लेखी बूड नसलेली टोपली म्हणजे चोरी. त्यानं ती चोरी पकडली होती आणि स्वतःच्या पदरचं लोखंड घालून दुरुस्त केली होती. गावालाही त्याचंच पटत होतं.

मी सरपंचांकडे वळले. त्यांची अडचण वेगळी होती. "सोमवारी आमदार साहेब येऊन राह्यले, म्याडम. पह्यला बॉल त्यायच्या हातचा. त्यायनं टाकला अन् तो खाली पडला, तं फोटोत काय दिसन?" टोपलीत राहिलेला चेंडू फोटोत स्पष्ट दिसतो, याला तोड नव्हती. तोवर मैदानाला कोणी हात लावायचा नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी तुरीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, ते खेळणं थोडीच आहे.

भाची बांबूवाल्याकडे बघत उभी होती. एका चेंडूला इतका वेळ, तर रविवारपर्यंत किती चेंडू टाकून होतील, याचा हिशेब ती करत असावी. मीही तोच करत होते.

संध्याकाळी घरी विषय काढला. भाऊ म्हणाला, सोमवारनंतर सरपंचांना सांगून बूड काढून घेऊ. मी म्हटलं, सोमवारनंतर बूड काढून उपयोग नाही आणि रिंगचाही नाही, चाचणी रविवारी आहे. तो चिडला. "तू तं नागपूरले चालली जाशीन. आमाले याच गावात राहाचं हाय." हे खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. भावजयीनं भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, की सरपंचांच्या बायकोची तूर आहे ती, म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

भाची ताटावरून उठताना म्हणाली, "राहू दे, आत्या. मी गोठ्यातच टाकतो." आमच्याकडे पोरी असंच बोलतात, मी टाकतो, मी जातो. तिच्या आवाजात रडं नव्हतं. तेच मला आवडलं नाही. गोठ्याच्या उंचीची सवय लागल्यामुळेच ती गेल्या वर्षी घरी आली होती, आणि आता ती सवय सोडायची तिची तयारी संपत आली होती. आणखी एकदा चेंडू पुढच्या काठावर आपटून परत आला, तर ती नुसती मिरच्या खुडायला बसेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कुंपणाची तार कापायची कात्री घेतली आणि भाचीला उठवलं. दारात भाऊ शिडी खांद्यावर घेऊन उभा होता. मैदानावर त्यानं शिडी धरली आणि मी पश्चिमेकडच्या टोपलीचं बूड कापून काढलं. पूर्वेकडच्या टोपलीला हात लावला नाही, त्या खांबाची रिबीनही नीट केली. आमदारांना ती पुरे. मग सरपंचीणबाईंची तूर झाडूनं एका बाजूला सारली आणि भाचीला रेषेवर उभं केलं. पहिला चेंडू पुढच्या काठावर आपटला. त्यानंतरचेही बरेच आपटले. मी म्हटलं, रिंगकडे बघू नको, रिंगच्या वर बघ. मग एक आत गेला आणि खाली पडला, आणि मी तो उचलून तिच्याकडे परत फेकला.