पाण्याचं इंजेक्शन

गेल्या मार्चमध्ये, कामाच्या एका दिवशी सकाळी, जयपूरच्या एका खासगी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत माझ्या धाकट्या बहिणीला पाण्याचं इंजेक्शन देण्यात आलं. औषध म्हणून देण्यात आलं.

ती सीतापुऱ्यात कपडे निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. त्या सकाळी टोंक रोडवर बसमध्येच तिची छाती आवळली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आत्ता मरणार, असं तिला वाटलं. वाक्य तिचं आहे, मी त्यात भर घातलेली नाही. कंडक्टरने बस थांबवून तिला रिक्षात बसवून दिलं. तिचा नवरा बँकेत अधिकारी, बदलीवर इथे आलेला. घरात आम्ही त्यांना दाजी म्हणतो. ते बँकेतून आणि मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून, असे जवळपास एकदमच पोचलो.

ईसीजी तोवर काढून झाला होता आणि तो ठीक होता. हृदयाला धोका नाही हे आधी पाहणं आवश्यक होतं आणि ते त्यांनी वेळेत पाहिलं. तक्रार त्यापुढची आहे. डॉक्टर "नॉर्मल है" म्हणून दुसऱ्या खाटेकडे गेले. सिस्टरने आम्हा दोघांना पडद्याबाहेर काढलं.

"घरवाले बाहर. देखनेवाले रहेंगे तो नाटक चलता रहेगा."

आत बहीण खाटेचा लोखंडी कठडा धरून होती. तिची धाप बाहेर ऐकू येत होती. दुसऱ्या सिस्टरने विचारलं, "कौनसा लगाऊँ?"

"वही वाला. और कौनसा?"

'वही वाला' म्हणजे काय ते बहिणीने पाहिलं. लहान मुलांच्या पावडरच्या औषधात मिसळायला पाण्याची प्लास्टिकची कुपी येते, तशीच कुपी. लेकीच्या आजारपणांत तिने अशा कितीतरी फोडल्या होत्या. सुईत दुसरं काही भरलं गेलं नाही.

"सिस्टर, ये तो पानी है," ती म्हणाली.

"देखा? बोलने लगी. हो गया आराम." दोघी हसल्या.

त्याच वेळी दाजी रस्त्यापलीकडच्या मिठाईच्या दुकानात होते. आमच्याकडे रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटतात. आम्ही साताऱ्याचे, तिथे असतो तर कंदी पेढे आले असते, इथे कलाकंद आला. दाजींनी खोका काउंटरवर ठेवला आणि हात जोडले. "आप लोगों की मेहरबानी, सिस्टरजी." मीही एक तुकडा उचलला. सिस्टर खायला बाहेर आल्या तेव्हा पडदा अर्धा उघडा राहिला. बहिणीने खाटेवरून ते सगळं पाहिलं.

आम्ही गाडीत बसलो. मग ती म्हणाली, "अहो, पेढे कशाचे वाटलेत? मी खोटी ठरले त्याचे?"

"अगं, हार्टला काही नाही म्हणून..."

"मग मला झालं होतं काय? तेवढं सांगा."

 सांगायचं ज्यांचं काम होतं, ते कलाकंद खात होते.

त्यानंतर ती कामावर गेली नाही. घरी पुन्हा तसाच झटका आला की न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावायची. एकदा मी बाहेरून दार वाजवलं. आतून आवाज आला, "दादा, जा तू. नाटकाला प्रेक्षक नकोत."

मी रुग्णालयात जाऊन नर्सिंगच्या प्रमुख बाईंना भेटलो. त्यांनी चहा मागवला.

"सर, आराम तो आया ना?"

"पानी से?"

"पानी से आया, मतलब बीमारी थी ही नहीं."

घबराटीचा झटका काही वेळाने आपोआप उतरतो. पाणी टोचलं तरी उतरतो, न टोचलं तरी उतरतो. हा त्या आजाराचा स्वभाव आहे, आणि रोगी खोटा असल्याचा पुरावा म्हणून तोच माझ्यासमोर ठेवला जात होता. पाय मोडलेल्या माणसाला पाणी टोचून कोणी हसत नाही. इथे हसतात, कारण भीतीचा एक्स-रे निघत नाही. इमर्जन्सीत कर्मचारी कमी होते, खाटा भरलेल्या होत्या, हे मी पाहिलं आहे. पण कुपी फोडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात एक खरं वाक्य बोलता आलं असतं. मी लेखी तक्रार दिली. उत्तर तोंडी मिळालं: "स्टाफ को समझा देंगे."

पुढे एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. तिथे रांगेतच तिला झटका आला. ती दाराकडे निघाली, लपायलाच. तिथल्या सिस्टरने एक स्टूल ओढलं, तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"हाथ पकड़ूँ?" आधी विचारलं, मग धरला. "घबराहट का दौरा है. बहुत बुरा लगता है, पर उतर जाता है. तब तक मैं यहीं हूँ. साँस धीरे-धीरे छोड़ो."

दाजी सवयीने बाहेर जायला उठले. "आप कहाँ चले भैया? बैठिए. बस, भाषण मत दीजिए."

बहिणीने विचारलं, "सुई?"

"सुई का क्या काम है इसमें?"

झटका उतरेपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही. रांगेतले लोक कुरकुरले, तिने त्यांनाही थांबवलं. आजाराला नाव आहे, हे बहिणीला त्या बाकावर कळलं. डॉक्टरांनी गोळ्या आणि समुपदेशन सुरू केलं. न्हाणीघराला आतून कडी लावणं हळूहळू थांबलं.

पावसाळ्यात ती पुन्हा सीतापुऱ्याच्या बसमध्ये चढली. वाटेतच सांगानेरला उतरली, चहाच्या टपरीच्या बाकावर बसली आणि मला फोन केला.

"दादा, आलंय."

"निघू का मी?"

"नको. फोन चालू ठेव. आणि बोलू नकोस."

मी बोललो नाही. पलीकडे स्टोव्हचा आणि हॉर्नचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "उतरलं." मागून आलेल्या बसने ती कामावर गेली.

गेल्या आठवड्यात दाजींच्या पायाला काच लागली. त्यांच्या घरापासून सर्वांत जवळची इमर्जन्सी त्या खासगी रुग्णालयाचीच आहे. टाके घालायला आम्ही तिथे गेलो. बहीण गाडीतून उतरली नाही. काउंटरवर तशाच पाण्याच्या कुप्यांचा ट्रे होता. शेजारच्या पडद्याआड एक बाई धापा टाकत होती, आणि सिस्टर म्हणाली, "घरवाले बाहर."