रुमालाखालचा पगार

गुरुवारी भर दुपारी तीर्थपुरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या पगाराचा सौदा झाला... आणि तोही रुमालाखाली! दोन दिवस झाले, अजून एकटी असले की हसू येतंय.

मी तिथल्या एका आडत दुकानात सहा वर्षांपासून कामाला आहे. बिलं, कॉम्प्युटर, शेतकऱ्यांचे फोन, रोजचे भाव ग्रुपवर टाकणं... सगळं माझ्याकडे. मालकांना सगळे आबा म्हणतात. माणूस देवासारखा, पण पगाराचा विषय काढला की त्यांना हटकून गोदामातलं काम आठवतं.

या वेळी मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. जालन्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं, पगार बराच जास्त, आणि शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. पण रोजचं जाणं-येणं म्हणजे माझी लेक चिऊ उठायच्या आत घर सोडायचं आणि ती झोपायला आली की परत यायचं.

चिऊ दुसरीत आहे. शाळा सुटली की ती थेट दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आबांच्या घरी, काकूंकडे जाते. हे सगळं सोडून मला जायचं नव्हतं... पण घरात कमावती मी एकटीच.

मग काय, आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. डोळ्यात डोळे घालून बोला, आपली व्हॅल्यू सांगा, आकडा आधी तुम्ही बोला. घरी दोनदा प्रॅक्टिसही केली. चिऊ आबा झाली होती, आणि तिने दोन्ही वेळा मला लगेच पगार वाढवून दिला.

गुरुवारी गर्दी ओसरल्यावर मी आबांसमोर उभी राहिले आणि व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे आकडा ठणकावून बोलले. हमाल पोती खाली ठेवून बघायला लागले. ओट्यावर बसलेल्या दोन शेतकऱ्यांनीही माना वळवल्या.

आबांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना शिवीच दिली. "अगं हळू! भाव असा तोंडानं बोलत असतेत का? सारा बाजार ऐकून राह्यला!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबा तरुणपणी बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव कुणी बोलत नाही. हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरून किंमत ठरवायची. एकदा सौदा झाला म्हटलं की फिरायचं नाही. म्हणजे सहा वर्षं मी तोंडाने विचारत होते, म्हणून बिचारे गोदामात पळत होते!

मी म्हटलं, "मग रुमालाखाली करा ना आबा."

आबा एकदम खूश. खांद्यावरचा रुमाल झटकलासुद्धा... आणि थबकले. "लेकीसारखी तू. चारचौघांत तुझा हात कसा धरू?" मग जिन्याकडे बघून हाक मारली, "अगं ए, खाली ये जरा जल्दी!"

काकू पदराला हात पुसत खाली आल्या. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी, त्यामुळे बोटांचा हा हिशोब त्या माहेरीच शिकलेल्या. आबा त्यांच्या कानात काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली, माझ्यासमोर बसल्या, आणि आमच्या हातांवर रुमाल पडला.

काकूंनी माझी दोन बोटं धरली. (एका बोटाला किती, ते विचारू नका. एकदा ओरडून झालंय तेवढं पुरे.)

मला हवी होती चार. पण ऐनवेळी धीर सुटला... वाटलं, हेही हातचं जायचं. मी हळूच काकूंची तीनच बोटं धरली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा अगदी कोरा. आणि रुमालाखाली स्वतःचं चौथं बोट माझ्या मुठीत सरकवलं. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

"झाला सौदा," काकू मोठ्याने म्हणाल्या.

"कितीला?" आबांनी विचारलं. काकूंनी त्यांचा हात रुमालाखाली ओढला आणि चार बोटं धरली. आबा ओरडलेच, "चार? मी तुला लई झालं तर तीन म्हणलं होतं!"

दारातून एक हमाल म्हणाला, "आबा, हळू... बाजार ऐकून राह्यला." मग कुणाला हसू आवरेना.

"मोडता का सौदा?" काकू म्हणाल्या. "मोडा बरं सगळ्यांसमोर. मंग पोरगी जाईल जालन्याला, अन् बसा तुम्ही कॉम्प्युटरसमोर." मी कंपनीचं दुकानात कुणालाच बोलले नव्हते. चिऊने काकूंना केव्हाच सगळं सांगून टाकलं होतं!

"न्हाई मोडत बाई," म्हणत आबांनी रुमाल उचलायला हात घातला. काकूंनी तो घट्ट धरून ठेवला.

"थांबा. तीस वर्षं झाले, हमालाचा चहा, शेतकऱ्याची भाकर, समदं करून राह्यले मी या दुकानाचं. आता माझा बी भाव करा."

आबांनी सवयीने गोदामाकडे पाहिलं. दारात सगळे हमाल उभे... जायला वाटच नव्हती. आबा निमूट काकूंसमोर बसले आणि रुमालाखाली हात घातला. रुमाल बराच वेळ हलत राहिला. मग काकू अशा लाजल्या की मीच दुसरीकडे बघितलं.

शुक्रवारी सकाळी कंपनीला नकार कळवला. मी तीनवरच थांबणार होते हो... मला माझी किंमत तेवढीच वाटत होती. चौथं बोट काकूंचं आहे, हे मी जन्मभर विसरणार नाही.

त्यांचा सौदा कितीला झाला ते मी काकूंना विचारलं. नुसत्या हसल्या. पण काल दुपारी चहा आबांनी हॉटेलातून मागवला, आणि काकूंनी तो त्यांच्या शेजारी, दुकानाच्या गादीवर बसून घेतला.