पाण्याची भीती

ऑस्ट्रेलियात, मुलीकडे, एचुका गावाजवळच्या मरे नदीत जुन्या वाफेच्या बोटी अजून चालतात. त्या दाखवायला मुलगी मला घेऊन गेली होती. बोटीचं चाक फिरलं, काठाचा गाळ ढवळला आणि ओल्या चिखलाचा वास वर आला. मुलगी म्हणाली, "बरं झालं, आईला इथे आणायचा हट्ट केला नाही. शेवटपर्यंत पाण्याला घाबरायची बिचारी."

मीही सगळ्यांना हेच सांगत आलो. ते खोटं आहे. तो वास पेणच्या खाडीचा होता आणि माझी बायको त्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची मुलगी. लग्नाआधी ती एकटी होडी वल्हवायची.

बऱ्याच वर्षांपूर्वी मुलीने आम्हा दोघांना पहिल्यांदा इकडे बोलावलं, तेव्हा रोह्याच्या घरी माझे शिक्षक मित्र बसले होते. चहा देता देता बायकोने हरखून विचारलं, "अवो, तिथं बोटीत बसाला मिलंल नाय?"

"मिलंल नाय!" मी हुबेहूब नक्कल केली. "अगं, तिथे तू तोंड उघडलंस तर जावयाला लाज वाटेल. तू घरीच बरी."

मित्र खो खो हसले. तीही हसली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायको एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते. मी येणार नाही."

फोन ठेवून तिने मला हळूच विचारलं, "आता नीट बोलले ना मी?"

"हं," मी म्हणालो, "आता जमलं."