सरदारची कपार

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं आणि अजून एकाही माशाने दुसऱ्याला मारलेलं नाही.

हा रिपोर्ट ऐकून अण्णा खूश झाले असते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. केमिस्ट्रीचे रिटायर्ड प्रोफेसर. समुद्रापासून इतक्या लांब, ग्वाल्हेरच्या माधवगंजात, त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी ठेवली होती. मे महिन्यात लाईट गेली की इन्व्हर्टर टाकीला, पंखे बंद. आम्ही घामाघूम आणि मासे गारेगार.

मासे कुठले, तर टँग. ताटलीसारखे चपटे, देखणे आणि महाभांडखोर. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पातं, ऑपरेशनच्या ब्लेडसारखं धारदार.

पिवळा टँग सगळ्यात जुना. त्याचं नाव सरदार. दगडांमधली डावीकडची कपार त्याची. निळ्या टँगशी त्याचं बरं होतं, कारण त्याचा बांधा वेगळा.

"ज्याची शकल आपल्यासारखी, त्याच्याशीच यांची लढाई," अण्णा सांगायचे.

मी सोलापूरहून लग्न होऊन आले त्याच वर्षी अण्णांनी सेलफिन टँग आणला. अंगावर पट्टे, उंच पर आणि बांधा थेट सरदारसारखा.

नवा मासा सोडण्याआधी टाकीतले सगळे दगड हलवायचे, म्हणजे जुन्यांचे इलाके मोडतात. अण्णांना हे माहीत होतं. त्यांनी सगळे दगड हलवले.

फक्त सरदारची कपार सोडून.

"जुना आहे तो. त्याचा मान राखावा लागतो."

आमच्या घरात पंगतीला कोण कुठे बसणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मानाची जागा हलवायची असते, हे कोणाच्या डोक्यातच येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सेलफिन तळाशी पडलेला होता. अंगभर चिरा.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

माझंही तेव्हा जेवणात फारसं लक्ष नसायचं. स्वयंपाकघर आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. प्रत्येक डब्याची जागा त्यांच्या हाताला पाठ. मी काही उचललं की लगेच, "राहू दे, मी करून घेते."

आई वाईट अजिबात नव्हत्या. पण मला त्या घरात नुसतं उभं राहायलाही जागा सापडत नव्हती. मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर वेगळं घर घेऊ.

हे अण्णांच्या कानावर गेलं असणार.

काही महिन्यांनी दुसरा सेलफिन आला. या वेळी अण्णांनी बाह्या वर केल्या आणि आधी सरदारची कपारच उपटली. एकेक दगड काढून देत मला गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील ग्वाल्हेरच्या कचेरीत हेडक्लार्क. राज्यं एक झाली, मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला आणि कचेरी भोपाळला हलली. तिथे इंदूरचे, रीव्याचे, नागपूरचे, सगळे एका हॉलमध्ये. रोज टेबलांवरून भांडणं. शेवटी साहेबाने एका सुट्टीच्या दिवशी सगळी टेबलं उलटीपालटी करून टाकली. अण्णांच्या वडिलांची खिडकीजवळची जागा गेली.

"बाबा वर्षभर चिडलेले. घरी येऊन एकच बात, साहेबाने माझा मान ठेवला नाही. मी पण तेच मानत आलो." अण्णा ओला दगड हातात धरून थांबले. "पण त्याच हॉलमध्ये रीव्याच्या एका बाबूशी त्यांची अशी दोस्ती झाली, की त्याच्या मुलीच्या लग्नात बाबा चार दिवस राबले. टेबलं हलली म्हणून ती दोस्ती झाली, हे मला तो मासा मेल्यावर समजलं बघ."

पाटणकर बाजारातून भाजी धुवायची जाळीची टोपली आणली. सेलफिन आठवडाभर त्या टोपलीत, टाकीच्या आतच. सरदार बाहेरून धडका मारायचा. मग हळूहळू कंटाळला. दोघांना शेजारी शेजारी समुद्री शेवाळाची पानं खायला. आठव्या दिवशी टोपली काढली.

सरदारने दोन चकरा मारल्या, शेपटी दाखवली आणि स्वतःसाठी नवी कपार शोधायला निघून गेला.

पुढच्या रविवारी अण्णांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला.

"पूर्ण खाली करा. दोघी मिळून. मला पेस्ट कंट्रोल करायचंय."

झुरळ एकही नव्हतं. संध्याकाळी सगळे डबे अण्णांनी स्वतः लावले, मनाला येईल तसे. आईंचा पारा असा चढला की विचारू नका.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी विचारलं, "अगं, साखर कुठे ठेवली आहे यांनी?"

"मला काय माहीत आई, मी पण चहापत्तीच शोधतेय."

महिनाभर आम्ही दोघी शोधत होतो आणि अण्णांना नावं ठेवत होतो. नावं ठेवता ठेवता हसायला लागलो. दिवाळी आली आणि गेली. वेगळ्या घराचं मी विसरूनच गेले.

टाकीसमोर अण्णांची वेताची खुर्ची असायची. ते गेल्यापासून तिथे कोणी बसलं नाही. आई रोज पुसायच्या, पण जागेवरून हलवायच्या नाहीत.

आज श्राद्ध झालं. मी माशांना शेवाळ लावत होते. आई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही खुर्ची इथून उचल. तिकडे खिडकीपाशी ठेव."

"राहू दे ना आई. अण्णांची जागा आहे ती."

"तेच तर. इथे आहे तोवर माझ्याकडून बसणं होणार नाही. आणि मला बसायचंय."

दोघींनी मिळून उचलली. आई बसल्या. मला फार रडू आलं आणि फार बरंही वाटलं. सरदार काचेपाशी येऊन आईंकडे बघून गेला. बाजूला सेलफिन निवांत खात होता.

अण्णा, तुमची खुर्ची हलवली. आई बसल्यात.

आम्हा सगळ्यांचा नमस्कार.