झोक्याच्या कड्यांना टांगलेला कॅमेरा

आमच्या पिंप्राळ्याच्या घरात, मागच्या पडवीच्या स्लॅबला दोन लोखंडी कड्या आहेत. वडिलांनी घर बांधतानाच त्या बसवून घेतल्या, बहिणीच्या झोक्यासाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार आणि घरात झोका नाही, हे आमच्याकडे कुणी खपवून घेत नाही. ती बहीण म्हणजे माझी आत्या. सगळा गोतावळा तिला अक्का म्हणे. दर आखाजीला ती धुळ्याहून एसटीने यायची, सत्तरी उलटली तरी आधी झोक्यावर बसायची आणि सणाच्या सकाळी चुलीवर खापर पालथं घालून मांडे करायची. आईवडील गेल्यावर घर माझ्याकडे आलं, तसं अक्काचं माहेरही माझ्याकडेच आलं.

आमच्या घरात मांडे येणारी ती शेवटची. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापल्या खापरावर अलगद सोडायचा. मी अठरा वर्षांची असताना तिने मला शिकवायला बसवलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, मला कॉलेज आहे, मांडे करायला मी जन्माला आले नाही. आई चिडली. अक्काने माझ्या हातातला गोळा काढून घेतला. त्या काढून घेण्याची लाज मला पुढे पस्तीस वर्षं पुरली.

गेल्या हिवाळ्यात अक्का मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात पहिली ताकद आली नाही. तेव्हा मी घाबरले. या आखाजीला अक्काचे मांडे काहीही करून नीट रेकॉर्ड करायचे, अगदी हाताच्या प्रत्येक हालचालीसकट, आणि मग बघून बघून शिकायचं, असं मी ठरवलं.

स्वयंपाकाचे चांगले व्हिडिओ वरून घेतात, हे मी मोबाइलवर शंभरदा बघितलं होतं. वर कॅमेरा, दोन बाजूंना लाइट, खाली हात. मग आपल्याकडे वर कड्या आहेतच की! झोक्याची फळी काढली आणि साखळ्या तशाच ठेवून त्यांना आडवा लोखंडी पाइप बांधला. तो हलायला लागला, म्हणून शेतातून आणलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्यांनी एका बाजूला खिडकीच्या गजांना आणि दुसऱ्या बाजूला खांबाला ताणून बांधला. प्लायवूडच्या तुकड्याला भोक पाडून त्यावर मोबाइल पालथा बसवला. दोन एलईडी ट्यूब आडव्या टांगल्या आणि उजेड डोळ्यांत खुपू नये म्हणून पुढे बटर पेपर लावला. चार दिवस मला दुसरं काही सुचेना. नवऱ्याला खाली मांडलेल्या चुलीपाशी बसवून मी स्टुलावरून ओरडायचे, हात पुढे, मागे, सावली पडतेय. एकदा मोबाइल सटकला तो थेट पिठाच्या परातीत. पीठ पुसत नवरा म्हणाला, "एवढ्या खटाटोपात तू मांडे शिकून मोकळी झाली असतीस."

मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आणि त्याला पुन्हा खाली बसवलं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता आयुष्य गेलं, पण पाइप, स्क्रू, पक्कड असलं काही स्वतःच्या हाताने उभं करण्याचं सुख पहिल्यांदाच मिळत होतं. चौथ्या दिवशी तो सांगाडा जागचा हलेना, तेव्हा मी शेजारणींना बोलावून दाखवला.

अक्का आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी पडवीत गेली. वर बघितलं. "हाई काय शे व माय? मना झोका कोठे शे?"

चार दिवसांत ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. आखाजीला माहेरवाशिणीचा झोका काढून ठेवणारी मीच पहिली असेन. मी घाईघाईने समजावलं, अक्का, तुझे मांडे यात कायमचे राहतील, शूटिंग झालं की लगेच झोका बांधते. ती पाटावर बसली, पाइपाकडे, नळ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भारी करं." बस, एवढंच. तिची नाराजी मला कळली, पण मी तिकडे बघितलं नाही.

सकाळी चूल पेटली. वस्त्रगाळ कणीक तिने रात्रीच भिजवून ठेवली होती, तिंबायचं काम नवऱ्याकडून करून घेतलं. अक्का बसली, मी स्टुलावर चढले. धूर थेट वर येत होता, लेन्स सारखी पुसावी लागत होती. ट्यूबचा उजेड एका बाजूला जास्त पडत होता. अक्काने पहिला गोळा हातावर घेतला, मांडा वाढत गेला, खापरावर पडला. दुसरा झाला. तिसरा झाला. ती मधेमधे काहीतरी बोलत होती, मी वर बटर पेपर सारखा करत हूं हूं करत होते. चौथ्याला तिचं मनगट लचकलं, मांडा फाटून चुलीच्या कडेला पडला. "आते बस, पुरे," ती म्हणाली. मनगट सुजलं होतं. मी तेल लावून दिलं आणि उरलेल्या कणकेच्या लाटून पुरणपोळ्या केल्या. आमरसाबरोबर सगळ्यांनी खाल्ल्या. संध्याकाळी मी झोका बांधला, पण ती बसली नाही. चक्कर येते म्हणाली.

ती धुळ्याला गेल्यावर मी शांतपणे व्हिडिओ लावला. चित्र सुंदर होतं, उजेड अगदी हवा तसा. आणि हात कुठेच नव्हते. मांडा हातांवर असतो, हात मांड्याखाली! वरून दिसत होता फक्त पांढरा गोल, मोठा होत जाणारा, आणि त्याच्यापलीकडे अक्काचा विरळ झालेला भांग. चार दिवस मी पाइप बांधला, पण मांडा कसा करतात याचा एकदाही विचार केला नाही. लहानपणापासून समोर बसून बघितलेली गोष्ट, आणि वरून काय दिसेल हे मला समजू नये! मी स्वतःवर इतकी चिडले, की पक्कड घेतली आणि अख्खा सांगाडा उतरवला. पुढच्या आखाजीला कॅमेरा खाली, तिच्या गुडघ्यापाशी ठेवायचा, असं ठरवून टाकलं.

दिवाळीच्या आधी अक्का गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

तेराव्यानंतर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी आवाज मोठा करून. नुसता तिचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नाही. चुलीचा तडतडाट आहे, माझ्या स्टुलाची करकर आहे. पहिला मांडा खापरावर पडल्यावर अक्का म्हणते, "ये व आठे, हात लाव." वरून माझा आवाज येतो, "हूं, थांब, लाइट सरकवते." दुसऱ्या मांड्याला ती पुन्हा म्हणते, "खाले उतर ना व माय. मी धरस तुना हात." आणि मी म्हणते, "अक्का, जरा डावीकडे सरक, सावली पडतेय." तिसऱ्या मांड्याला ती काहीच म्हणत नाही. मुकाट्याने डावीकडे सरकते.