तापीला हाक

गंगेत बुडी मारावी लागते, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं. तापीचं मात्र नुसतं नाव घेतलं तरी पुण्य लागतं, असं आमच्याकडे खानदेशात मानतात. म्हणून पूर्वी घरोघरी एक तरी तापी असायची. आईबापांची हुशारी बघा! 'तापी, भांडी घास', 'तापी, गोठा झाड' म्हणत बठ्ठं, म्हणजे अख्खं घर बसल्या जागी पुण्य कमवायचं. घाम तेवढा तापीचा.

माझी आई फैजपूरची, अशीच एक तापी. आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, हे नाव जुनाट वाटलं. धुळ्याचे ना ते! लग्नात त्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने फॅशनचं नाव लिहिलं, आणि पुढे जन्मात तेही कधी तोंडाने घेतलं नाही. 'ऐकलं का' एवढ्यावर संसार. आई भडकली की नाना मामाला ऐकवायचे, "सूर्याची लेक दिली तुम्ही, चटके आम्हाला!" तापी सूर्याचीच मुलगी ना. धुळ्याला देवपुरात शेजारणी आईला वहिनी म्हणत, आम्ही आई. तापी म्हणणारा एकटा मामा उरला होता. तो फैजपूरहून "तापेऽ" असा ओरडायचा की फोनची गरजच नव्हती.

यंदा मामा गेला. दहावं आटोपून भाड्याच्या गाडीने परतत होतो. तापीच्या पुलावर आईने सवयीने नाणं टाकलं, हात जोडले आणि एकदम रडायलाच लागली. "आता मला तापी म्हणणारं कोणी राहिलं नाही गं," म्हणाली. मला फार वाईट वाटलं. पण लेकीने आईला नावाने हाक मारायची तरी कशी?

नाना ड्रायव्हरशेजारी बसले होते. पूल मागे पडल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"तापी."

आई दचकली. डोळे पुसायचे राहिले तिचे. "ओ," म्हणाली.

नाना समोरचा रस्ता बघत राहिले.

"अहो, काय काम आहे?"

"काहीच काम नई शे."

"मग कशाला हाका मारता? पोरगी बसलीय शेजारी!" आई खेकसली, पण कानापर्यंत लाल झाली होती.

नानांनी एरंडोलला हाक मारली, पारोळ्याला मारली, धुळं जवळ आलं तशी पुन्हा मारली. काम एकदाही नव्हतं. आई दरवेळी करवादली, पण त्याआधी ओ द्यायला एकदाही चुकली नाही.