भिंगारचं घर पहिल्या पानावर

भिंगारच्या बाजारात सहादेव मिस्त्रीचं घर विचारलं की लहान पोरंही बोट करून दाखवायची. माणूस मूळचा पाथर्डीकडचा. लष्कराच्या डेपोत सुतार म्हणून लागला, तिथंच केस पिकले, तिथूनच रिटायर झाला. बाजारामागच्या बोळात त्यानं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं, आणि छबूबाईनं तिथं संसार केला. ती गेल्यावर मुलगा सुनील बापाला सावेडीच्या फ्लॅटवर घेऊन आला.

"विकून टाकू, आप्पा," सुनील म्हणाला. "बंद घराची माती होते."

सहादेवनं मान डोलावली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायला गेलं की छबूबाईचं नाव काढावं लागायचं. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं. मनात मात्र एकच होतं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत थंडी सरेल, गुडघा सुधारेल, मग म्हणायचं, मी आपला तिकडंच राहतो.

सून रुपाली घरांच्या खरेदी-विक्रीच्या एका वेबसाईटचं काम घरूनच करायची. लोक साईटवर येतात, गोंधळतात आणि निघून जातात. ते कुठं अडतात हे शोधून तो रस्ता सोपा करायचा, हेच तिचं काम. एका सकाळी तिनं सासऱ्याच्या मोबाईलवर ती साईट उघडून दिली.

"आप्पा, यात एक घर शोधून दाखवा. मी काही सांगणार नाही, नुसती बघणार."

"माझ्यासारख्या अडान्याचा काय उपेग?"

"तुमचाच उपयोग. तुम्हाला जमलं की जगाला जमलं."

"म्हंजे जगात सगळ्यात मठ्ठ मीच व्हय."

ती हसली, तोही हसला. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असेल.

एका घराचे फोटो बघायला गेला तर साईट आधी फोन नंबर मागायला लागली. सहादेवनं बोट मागं घेतलं. "पाव्हना दारात आला, त्याला पानी न्हाई इचारलं, आन् म्हनं आधार कार्ड दाखव." रुपालीनं ते टिपून घेतलं. अक्षरं बारीक होती, फोटो नखाएवढे होते, गावांची नावं इंग्रजीत होती. तो जिथं जिथं अडला, तिथं तिथं पुढच्या काही दिवसांत दुरुस्ती झाली. मग एकदा त्यानं 'भिंगार'वर बोट ठेवलं, आणि त्याचं स्वतःचं घर समोर आलं.

सुनीलनं फोटो टाकले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ओसरी, आतली खोली, स्वयंपाकघर. फोटो बोटांनी ताणला की मोठा व्हायचा. छबूबाई तवा टेकवून ठेवायची तिथला भिंतीवरचा काळा डाग दिसला. ती बुटकी, म्हणून गवंड्याशी वाद घालून हातभर खाली घेतलेला ओटा दिसला. चहा गार झाला तरी तो बघत राहिला.

मग ते रोजचंच झालं. दूधवाला यायच्या आत एकदा, दुपारी डोळा लागला नाही की एकदा, संध्याकाळी गॅलरीत बसून पुन्हा. सुनेला वाटायचं, आप्पा सराव करतायत.

एकदा जेवताना रुपाली म्हणाली, "एक नवी सोय केलीय आम्ही. लोक जी घरं जास्त बघतात ती आपोआप वर येतात, म्हणजे येणाऱ्याला शोधत बसायला नको. आणि आपलं भिंगारचं घर पहिल्या पानावर आलंय, सगळ्यात वर."

"त्या बोळातलं घर?" सुनील म्हणाला. "मला वाटलं कुत्रंसुद्धा ढुंकून बघायचं नाही."

सहादेवचा घास हातातच राहिला. "बघितलं की वर येतं?"

"हो."

"कुनी बी बघितलं तरी?"

"कुणीही बघू दे, आप्पा. मोजलं जातंच."

त्या दिवसापासून त्यानं घर बघणं सोडलं. हात सवयीनं मोबाईलकडे जायचा, तो उचलून पालथा घालायचा. घर आपल्याकडं राहायला हवं असेल तर ते बघायचं नाही, एवढं त्याला कळलं होतं. चहा घेताना तो डोळे मिटून बसे. पण मिटल्या डोळ्यांपुढं फोटोच यायचा, छबूबाई काही येत नव्हती.

"आपलं घर कुठवर हाय आता?" अधूनमधून तो सहज विचारल्यासारखं विचारी.

"घसरलंय थोडं. काळजी करू नका, येईल वर."

त्याला बरं वाटायचं. आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची, कारण पोराला ते विकायचं होतं.

पण गिऱ्हाईक आलंच. तरुण जोडपं होतं, घर दाखवायला बापलेक दोघं गेले. "आम्ही रोज बघत होतो," तो तरुण सांगत होता, "कितीतरी दिवस सगळ्यात वर होतं. म्हटलं एवढे लोक टपलेत, आता थांबलो तर हातचं जाईल."

सहादेव खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत उभा होता. एवढे लोक.

आत त्या तरुणाची बायको पूजा ओट्यापाशी वाकून बघत होती. "केवढा खाली आहे हो. असा कशासाठी केला?"

"जुनी पद्धत," सुनील म्हणाला.

"तोडावा लागेल."

सहादेव ओट्यापाशी आला. तो एवढंच म्हणाला, "डावीकडनं फोडा, बाई. उजवीकडं खालून पाइप गेलाय."

व्यवहार ठरला. घर साईटवरून निघालं. दोन दिवसांनी रुपाली त्याच्यापाशी गॅलरीत येऊन बसली.

"आप्पा, घर कुठल्या फोनवरून किती वेळा बघितलं, ते आम्हाला दिसतं. आज बघितलं मी. बहुतेक सगळं तुमच्याच फोनवरून होतं."

तो खाली रस्त्याकडं बघत राहिला.

"मला का नाही सांगितलंत? मी थांबवलं असतं यांना."

"तुजं काम चांगलं चाललं हुतं, पोरी."

तिला रडू फुटलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "किल्ली दिली का सुनीलनं त्यांना?"

"नाही. उद्या देणार आहेत." ती डोळे पुसत उठली. "चला, मी स्कूटरवर नेते तुम्हाला. आत्ता लगेच. तासभर बसा तिथं."

तो कठड्याला धरून उभा राहिला. पायात चपला सरकवल्या. दारापर्यंत गेला आणि तिथल्या स्टुलावर बसला.

"नको," तो म्हणाला. "आत गेलो, तर बाहेर पडायचं मला जमायचं न्हाई."